शंखजिऱ्याचं मूळ गाव

दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की तिसऱ्या मिनिटाला एक प्रश्न येतोच. "मूळचे कुठले?" समोरच्याने 'पुण्याचे' म्हटलं तर कुणाचं समाधान होत नाही. "पुणं झालं हो, पण मूळचे?" मग गाडी साताऱ्यावर येते. साताऱ्यात कुठे? वाई. वाईत कुठे? पसरणी. "अहो, पसरणीला आमचे साडू असतात!" इथे चौकशी संपते आणि चहा मागवला जातो.

हाच प्रश्न भारत सरकारच्या सीमाशुल्क खात्याने २०२० साली नियमात घातला. फरक एवढाच, की तिथे साडू निघाला तरी चहा येत नाही.

मी चाकणला, खराबवाडीच्या बाजूला, एका छोट्या कारखान्यात परचेस बघतो. आम्ही प्लॅस्टिकचा दाणा करतो. पॉलिप्रॉपिलीनमध्ये शंखजिऱ्याची पूड मिसळायची, एक्स्ट्रूडरमधून शेवया काढायच्या, पाण्यात गार करायच्या आणि बारीक कापायच्या. तो दाणा पुढे बंपर आणि डॅशबोर्ड करणाऱ्यांकडे जातो. शंखजिरे म्हणजे टाल्क. बाळाच्या पावडरीत असतं, तेच. आमच्या नेहमीच्या ग्रेडमध्ये शंभर किलोत वीस किलो शंखजिरे जातं, म्हणजे गाडीचा बंपर एक पंचमांश दगड असतो. मागून चिकटून येणाऱ्या दुचाकीवाल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

हे शंखजिरे आमच्याकडे व्हिएतनामहून येतं. मालकांच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणतात. ते रोज अकरा वाजता कारखान्यात येतात आणि रोज एक बिनतोड प्रश्न विचारून जेवायला घरी जातात. त्यांनी मला विचारलं, "उदयपूरकडं शंखजिऱ्याच्या खाणी पडल्यात, आणि तुम्ही समुद्रापलीकडून दगड आणता?" मी त्यांना पीपॅप समजावून सांगायचा प्रयत्न केला. गाडीवाल्या कंपनीला पहिल्यांदा नमुना देताना त्यात जो दगड गेला, तो दगड गाडीचं मॉडेल बंद होईपर्यंत बदलायचा नाही. बदलायचा तर सगळ्या चाचण्या पुन्हा, सगळे कागद पुन्हा. कंपनीचा एमडी बदलतो, गावाचा सरपंच बदलतो, पीपॅपमधला दगड बदलत नाही. अण्णा म्हणाले, "म्हणजे सोयरीक झाली म्हणा की," आणि जेवायला गेले.

आता पैशाचं. समजा, दहा लाखांचा माल आला. त्यावर ५ टक्के मूळ सीमाशुल्क, म्हणजे पन्नास हजार. त्या पन्नास हजारांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, पाच हजार. झाले पंचावन्न. आयजीएसटीचं क्रेडिट तरी मिळतं, हे पंचावन्न हजार मात्र गेले ते गेले. पण भारत आणि आसियान देशांचा मालव्यापाराचा करार आहे. १३ ऑगस्ट २००९ ला बँकॉकमध्ये त्यावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. व्हिएतनामच्या सरकारी कचेरीने 'फॉर्म एआय' नावाचा मुळाचा दाखला दिला की या पंचावन्न हजारांचं शून्य होतं. हे मालकांना मीच सांगितलं होतं. माणसाने आपली हुशारी मालकासमोर कधी काढू नये, हे त्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी न्हावा शेव्याहून आमच्या सीएचएचा फोन आला. कायद्याने आता त्यांना कस्टम्स ब्रोकर म्हणायचं असतं, पण नावं कायद्याने बदलत नाहीत. आम्ही सीएचएच म्हणतो.

"साहेब, क्वेरी पडली."

"कसली?"

"ओरिजिनची. दगड कुठला विचारतायत."

"अहो, दाखल्यावर लिहिलंय की. व्हिएतनाम."

"ते झालं हो साहेब. पण मूळचा?"

ज्यांच्या घरात कुणी जातीच्या दाखल्यासाठी आणि मग त्याच्या पडताळणीसाठी खेटे घातले असतील, त्यांना पुढची गोष्ट वेगळी सांगायला नको. दाखला असतो, पण दाखला पुरत नाही. व्हॅलिडिटी लागते. प्रांताधिकाऱ्याची सही आहे, गोल शिक्का आहे, तरी समोरचा म्हणतो, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा. आजोबा शाळेतच गेले नव्हते. मग पणजोबांचा गावनमुना आणा. आमच्या शंखजिऱ्याचं नेमकं असंच झालं. २०२० पर्यंत परदेशी कचेरीचा दाखला जोडला की बहुतेक वेळा काम भागत असे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क कायद्यात २८ डीए नावाचं कलम आलं, २१ ऑगस्टला त्याचे नियम निघाले आणि २१ सप्टेंबरपासून ते लागू झाले. धंद्यातली माणसं त्यांना 'कॅरोटार' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कपाशीवर फवारायचं औषध वाटलं होतं.

औषध कडक आहे. सवलत मागणाऱ्या आयातदाराने मालाच्या मुळाची माहिती स्वतःजवळ बाळगायची. नुसता दाखला दाखवून 'मला काय माहीत, तिकडच्यांनी दिला' म्हणायची सोय नाही. त्यासाठी 'फॉर्म एक' आहे. माल कसा तयार झाला, कोणत्या देशातला कोणता कच्चा माल त्यात गेला, मुळाचा कोणता निकष लावला, त्यातलं मूल्य कसं मोजलं, हे सगळं त्यात भरून ठेवायचं. अधिकाऱ्याने मागितलं की दहा कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. आणि ही फाइल पाच वर्षं जपायची. माझ्या लग्नाचा अल्बम एवढा जपला गेलेला नाही.

फॉर्म भरायला बसलो आणि पहिल्याच वळणावर अडकलो. खनिज 'संपूर्णपणे तिथलंच' की 'बाहेरून आणून तिथे घडवलेलं'? पहिल्या प्रकारात काय मोडतं ते करारात लिहिलेलं आहे: त्या देशाच्या जमिनीतून, पाण्यातून, समुद्रतळातून किंवा त्याखालून काढलेलं खनिज. हे वाचून मी क्षणभर थांबलो. जमिनीतून निघालेला, तिथेच जन्मलेला, बाहेरचं काही न लागलेला... आपल्याकडे याला एक सरळ शब्द आहे, भूमिपुत्र. जे ठरवायला आपल्या नेत्यांना कित्येक निवडणुका पुरल्या नाहीत, ते बँकॉकच्या कराराने चार ओळींत ठरवून टाकलं होतं. दगडापुरतं का होईना.

पण आमचा दगड भूमिपुत्र होता का? पुरवठादाराला मेल केली. त्याचं बिल सिंगापूरचं, माल व्हिएतनामचा. हे चालतं, दाखल्यावर तिसऱ्या पक्षाच्या बिलाची खूण असली की झालं. त्याचं उत्तर आलं ते फार गोड होतं. आमच्या ग्राइंडिंग प्लांटमध्ये अत्याधुनिक यंत्रं आहेत, दर्जा उत्तम आहे, भारत हा आमचा मित्र आहे. मी पुन्हा विचारलं, दगड खाणीतून कुठे काढला? तो म्हणाला, आमचा प्लांट अत्याधुनिक आहे. मी चार शब्दांत विचारलं, स्टोन फ्रॉम विच माइन? त्यानंतर दोन दिवस उत्तर नाही. आता आपल्यालाही कुणी 'मूळचे कुठले' विचारल्यावर जो माणूस 'आमचा फ्लॅट थ्री बीएचके आहे' असं सांगायला लागतो, त्याच्या मुळाबद्दल थोडी शंका येतेच.

समजा तो दगड, म्हणजे मोठे खडे, चीनमधून आणून व्हिएतनामात दळला असेल, तर? तर तो दुसऱ्या प्रकारात जातो. मग दोन अटी. एक, किमतीच्या निदान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांमधलं असलं पाहिजे. दुसरी, बाहेरून आलेल्या मालाचा सहा आकडी कोड बदलला पाहिजे. जगातल्या प्रत्येक वस्तूला असा कोड असतो. आमच्या शंखजिऱ्याचा २५२६ ने सुरू होतो. न फोडलेला, न दळलेला दगड २५२६ १०. फोडलेला किंवा दळलेला २५२६ २०. म्हणजे दगड गिरणीत गेला की त्याचं कुळ बदलतं. गेला एक, बाहेर आला दुसरा. मात्र नुसतं चाळलं, धुतलं, निवडलं किंवा पोतं बदललं तर त्याने मूळ बदलत नाही. आंघोळ करून आणि नवे कपडे घालून माणूस गावचा राहतो तो राहतोच.

हे कोडं सोडवायला मी रविवारी यमुनानगरच्या पिठाच्या गिरणीत उभा होतो. तसा दळणाचा डबाही होता हातात. गिरणीवाले काका मूळचे मंचरकडचे. (विचारलं होतं.) गहू सिहोरचा शरबती, मध्य प्रदेशातला, पिंपरीच्या मंडईतून आणलेला. काकांनी डबा उपडा केला, पट्टा फिरला, पांढरी धूळ त्यांच्या भुवयांवर बसली.

"काका, हे पीठ कुठलं म्हणायचं?"

"तुमचं."

"तसं नाही. मूळचं कुठलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रविवारी सकाळी गिरणीत येणाऱ्या माणसांपैकी काही जणांना काय झालेलं असतं ते त्यांना माहीत होतं. "गहू तुमचा, वीज बोर्डाची, दळलं मी. पीठ तुमचं. आधी बाजरी झालीय, पहिल्या मुठीत येईल थोडी. वहिनींना सांगा, पहिलं पीठ बाजूला काढा."

बाजरीची ती मूठ म्हणजे करारांच्या भाषेत क्षुल्लक भेसळीची मुभा. काही करारांत ती लिहून दिलेली असते, इतके टक्के परकं चालेल म्हणून. काकांनी ती न लिहिता दिली. शिवाय त्यांनी मालाची मालकी, घडणावळ आणि मिश्रण हे तिन्ही विषय एका दमात सांगितले होते, फॉर्म एकमध्ये त्याला किती जागा लागते ते मी पाहिलेलं आहे. फक्त त्यांचं मुख्य उत्तर, 'तुमचं', खात्याला चालत नाही.

सोमवारी गेटबाहेरच्या टपरीवर मी हा नियम माणसांना लावून पाहिला. आमच्याकडे चहा पिणाऱ्यांत संपूर्णपणे तिथलाच कोण? एक्स्ट्रूडरवरचा मुलगा लातूरचा. स्टोअरचा देगलूरचा. सिक्युरिटीवाले काका ओडिशाचे, त्यांना मराठी येतं पण ते हिंदीतच उत्तर देतात. क्वालिटीच्या मॅडम मूळच्या जळगावच्या, शिक्षण निगडीत, सासर चिंचवडला. त्यांचा कोड दोनदा बदललाय. इथलं सगळं शहरच असं घडलेलं. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पुढे टेल्को, बजाज; आणि दर कारखान्यामागे महाराष्ट्राचा एकेक जिल्हा इथे राहायला आला. दिवाळीला वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर उभं राहा, सगळा कच्चा माल परत मुळाकडे निघालेला दिसतो. लातूरच्या मुलाने हिशेब मांडला. "सर, पगार इथं मिळतो, पण निम्मा गावाकडं जातो. उरलेल्यातलं रूमचं भाडं काढलं तर माझ्यात चाकणचे पस्तीस टक्के भरत नाहीत." मी त्याला म्हटलं, भाडंही धर, तो इथलाच खर्च. तो म्हणाला, "घरमालक मूळचे नगरचे आहेत."

टपरीवर एकच जण खरा इथला होता. पूर्वी शेती, आता दोन टेम्पो आमच्याकडे लावलेले. त्याच्याकडे बघून सगळे म्हणाले, हे बघा, संपूर्णपणे इथलाच! तो हसला नाही. "आमचं मूळ गाव भामा-आसखेडच्या धरणात गेलं. पाण्याखाली आहे." थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मीच म्हटलं, करारात पाण्याखालचंही चालतं. तेव्हा तो हसला, पण बेताचंच.

आता नियमाची बाजूही सांगायला हवी. परचेसमधला माणूस नियमाची बाजू घेतो म्हणजे त्याला बढती हवी असावी, असं वाटेल. पण हे नियम उगाच आलेले नाहीत. भारत आणि श्रीलंकेचा मुक्त व्यापार करार डिसेंबर १९९८ मध्ये झाला, मार्च २००० पासून लागू झाला. आणि थोड्याच वर्षांत तिकडून आपल्याकडे वनस्पती तूप आणि तांबं धो धो यायला लागलं. लंका सोन्याची होती हे आपण लहानपणापासून ऐकून आहोत. तांब्याची कधी झाली? तर बाहेरून भंगार आणायचं, तिथे वितळवायचं आणि श्रीलंकेचं म्हणून भारतात पाठवायचं. मारुतीने एवढी मेहनत करून लंका जाळली, हे बहाद्दर तिथे भट्टी लावून बसले.

दुसरा किस्सा सोन्याचाच, आणि तो ऐकून तर मी फॉर्म एकला मनातल्या मनात हात जोडले. सीमाशुल्काच्या कोष्टकात एक जुनी टीप आहे: मिश्रधातूत वजनाने २ टक्के किंवा जास्त प्लॅटिनम असेल तर ते सगळं मिश्रण प्लॅटिनमचं समजायचं. उरलेलं सोनं असलं तरी. मे २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातींशी करार लागू झाला, त्यात प्लॅटिनमला सवलत होती. पुढे काय झालं असेल ते झवेरी बाजाराला विचारायला नको. सोन्यात चिमूटभर प्लॅटिनम टाकलं की सोनं प्लॅटिनम म्हणून येतं! शेवटी २०२५ मध्ये सरकारने अशा मिश्रधातूंच्या आयातीवर निर्बंध घातले. आमच्या आत्याने तिच्या लग्नातल्या पाटल्यांत सोनाराने तांबं मिसळलं म्हणून पन्नास वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तिला ही टीप वाचून दाखवली असती तर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

कोडवरून भांडणं चाकणला नवीन नाहीत. स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस दिली. वादाचा मुद्दा ऐकायला अगदी साधा: आयात झालेली खोकी म्हणजे सुटे भाग की सुटी करून आणलेली गाडी? दोन्हींचा शुल्काचा दर वेगळा. कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. म्हणजे एवढ्या मोठ्या लोकांनाही 'हे नक्की काय आहे' या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, हे पाहून मला माझ्या पंचावन्न हजारांच्या क्वेरीबद्दल जरा बरं वाटलं.

खनिजावर बाहेरच्या मालाचा भाव बघून जकात बसवण्याची परंपरा आपल्याकडे तर फार जुनी. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून पोर्तुगिजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं होतं. तिकडचं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तेच घेतात आणि आपल्या मुलखातले मिठागरवाले मरतात, हे त्यामागचं कारण. आज मीठ हे कोष्टकातल्या पंचविसाव्या प्रकरणाचं पहिलं नाव आहे, २५०१. आमचं शंखजिरे त्याच प्रकरणात पंचवीस घरं पुढे राहतं. त्या काळी मिठाच्या गोण्यांचं मूळ ठरवायला कोणता फॉर्म होता कुणास ठाऊक, पण बारदेशाचं मीठ सावंतवाडीचं म्हणून खपवायला बघणारा एखादा हुशार व्यापारी तेव्हाही असणारच. तो आमचा पूर्वज.

मिठावरून आठवलं, एका खनिजाने मात्र आपला दाखला नावातच घेऊन यायची सोय करून ठेवली आहे. सैंधव. सिंधूकडचं ते सैंधव. एकादशीला आमच्याकडे तेच लागतं. हजारो वर्षं त्याने आपलं मूळ गाव लपवलं नाही, आणि त्याचंच नडलं. पुलवामाच्या हल्ल्यानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लागलं, आणि २ मे २०२५ ला पाकिस्तानातून आयातच बंद झाली. साफ्टा नावाचा दक्षिण आशियाचा सवलतीचा करार २००६ पासून आहे, तो कोपऱ्यात बसून हे बघत राहिला. पिंपरी कॅम्पातल्या किराणावाल्याकडे मी सैंधव मागितलं तर तो म्हणाला, "आहे, पण आता कुठलं येतंय विचारू नका." फाळणीनंतर त्याचे आजोबा सिंधमधून कॅम्पात आले. म्हणजे सैंधव मागायला आलेल्या गिऱ्हाईकाला एक अस्सल सैंधव सांगत होता की मूळ विचारू नका. मी विचारलं नाही. एकादशी होती.

तर आमची क्वेरी. ती कुणी विचारली? माहीत नाही. २०२० पासूनच फेसलेस असेसमेंट आलं आहे. माल न्हावा शेव्याला असतो, पण त्याचे कागद देशातल्या कुठल्याही बंदरातला अधिकारी तपासू शकतो. पूर्वी सीएचए सांगायचा, "साहेब जेवायला गेलेत." आता साहेबाला तोंडच नाही, तर तो जेवेल कुठून? चांगली गोष्ट आहे, ओळखीपाळखी संपल्या, हे मी मनापासून म्हणतो. पण मराठी माणसाला बिनचेहऱ्याच्या माणसाशी बोलता येत नाही. उत्तर टाइप करताना माझा हात दर वेळी 'साहेब, आपण मूळचे कुठले?' इथे जायचा. मोठ्या कष्टाने मागे घेतला.

पहिलं उत्तर दिल्यावर दुसरी क्वेरी पडली. दाखल्यावरची सही नमुन्याशी जुळत नाही. व्हिएतनामातल्या कचेरीत दाखल्यावर सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सह्या आणि शिक्क्यांचे नमुने आपल्या खात्याकडे आधी पाठवलेले असतात. आमच्या दाखल्यावर सही करणाऱ्याने शेवटच्या अक्षराची शेपटी नमुन्यात वर नेली आहे आणि दाखल्यावर खाली. मला त्या माणसाबद्दल राग नाही, उलट जिव्हाळाच वाटला. बँकेत माझी सही १९९८ पासून जुळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता शंभरावा दाखला समोर आल्यावर शेपटी वर नेण्याइतका उत्साह कुणाच्या अंगात उरतो? पण खात्याचंही चुकीचं नाही. शंका आली की दोन्ही देशांच्या कचेऱ्यांमध्ये पत्रव्यवहार होतो, आणि तोवर शुल्कातल्या फरकाइतकी हमी ठेवून माल सोडवून नेता येतो. तेवढंच आम्ही केलं. हमीसाठी बँकेत गेलो, तर तिथल्या मॅनेजरबाईंनी हमीच्या कागदावरची माझी सही बघितली आणि म्हणाल्या, ही जुळत नाही.

मालकांनी हिशेब मागितला. पंचावन्न हजार वाचवायचे होते. कंटेनर सीएफएसला, म्हणजे बंदराजवळच्या गोदामात, पडून राहिला त्याचे पैसे, शिपिंग लाइनचं डिटेन्शन, सीएचएची जादा फी, बँकेचं कमिशन, माझ्या न्हावा शेव्याच्या दोन फेऱ्या. मी आकडे एकाखाली एक लिहिले. बेरीज मारली नाही. मालकांनी मारली. ते काही बोलले नाहीत, फक्त अण्णांना कागद दाखवला. अण्णांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "उदयपूरला किती पडतं म्हणालास?"

तरीही मी पुढच्या कंटेनरलाही सवलत मागणार आहे. एक तर पीपॅप आहे. दुसरं म्हणजे, एकदा मागितलेली सवलत सोडली तर आधीच्या सगळ्या कंटेनरवर खात्याची नजर जाते, असं सीएचए म्हणतो. आणि मागचं निघालं तर वर १५ टक्के व्याज. तिसरं कारण मालकांना सांगितलेलं नाही: मला आता खरंच जाणून घ्यायचं आहे, तो दगड कुठला.

हमीवर सुटलेला कंटेनर काल रात्री घाट चढून आला आणि सकाळपासून चाकणच्या तळेगाव चौकात उभा आहे. न्हावा शेवा ते चौक जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढाच चौक ते कारखाना लागतोय. ड्रायव्हरने मघाशी फोन केला होता. मूळचा तो बीडचा. तोवर दहा कामकाजाच्या दिवसांपैकी सहा संपले आहेत, आणि फॉर्म एकमधला खाणीचा रकाना अजून कोरा आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी कुणाचे साडू, मेव्हणे, आतेभाऊ, कुणीही, हनोईच्या बाजूला असतील तर शुक्रवारच्या आत कळवा. चहा माझ्याकडून.